नुसत्या टापा

जुन्या जॅकेटच्या खिशात एक मास्क सापडला. त्याला अजून लसूणघासाचा वास येत होता, आणि मी मनाने थेट परदेशातल्या, वेरिबी गावाजवळच्या घोड्यांच्या दवाखान्यात जाऊन पोचले. लॉकडाउन होता, मी नवखी नर्स होते.

बार्नी नावाचा घोडा धावायला लागला की त्याच्या घशातून करवतीसारखा आवाज यायचा. नाकातून कॅमेरा घातला तेव्हा दिसलं, घशाची डावी बाजू हलतच नव्हती. डॉक्टरांनी ती टाक्याने ओढून उघडी बांधली. कित्येक आठवड्यांच्या विश्रांतीनंतर त्या दिवशी तो पहिल्यांदा धावणार होता. त्याची म्हातारी मालकीण मार्गारेट हिला आत यायची बंदी, म्हणून ती पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर ऐकत होती. मी रिंगणाशी फोन उंच धरून उभी.

बार्नी सुटला! एक फेरी, दुसरी, अगदी माझ्या जवळून!

"मेट, मला नुसत्या टापाच ऐकू येतायत!" मार्गारेट फोनवर ओरडली. ती सगळ्यांनाच मेट, म्हणजे दोस्त, म्हणायची.

"तेच तर, मार्गारेट! तो सुसाट धावतोय!"

पार्किंगमधून हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. मी मास्कमध्ये ओरडत नाचत होते.

घोड्यासाठी, असं तेव्हा वाटलं. पण त्या वर्षी पुण्याला फोन लावला की मी आईचं बोलणं कुठे ऐकत होते? तिचा श्वासच ऐकत होते.