दिवाकर आत, आम्ही बाहेर

टण्ण!

भुताच्या टिनावर बॉल पडला की हा आवाज यायचा. मग सगळी गल्ली चूप.

आज सकाळी दिवाकर गेला. त्याच्या मुलाचा फोन ठेवला आणि आधी आठवला तो हा आवाज. चेहरा नंतर.

गांधीबागेत आमच्या गल्लीच्या टोकाला टिनाच्या छपराचं, कापसाचं एक बंद गोदाम होतं. तिथला मेलेला चौकीदार अजून फिरतो, कुलपं ओढून पाहतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पाहिलं कोणीच नव्हतं.

आमचं क्रिकेट नेमकं त्याच भिंतीला लागून. दुसरीकडे जागाच नव्हती.

बॉल आत गेला की आणायला दिवाकर. आणि तो बाहेर येईपर्यंत बाकीच्यांनी मोठ्यानं कविता म्हणायची. रूल त्याचाच.

"आवाज थांबला तर मी समजीन, तुम्ही पळाले."

कविता ठरलेली. मराठीच्या पुस्तकातली, नदीची. संपली की पुन्हा पहिल्या कडव्यापासून. मी अजूनही आंघोळ करताना ती म्हणतो. सूनबाई हसते.

एकदा बॉल काही केल्या सापडेना. आमचे घसे बसले. बबनला कंटाळा आला, त्यानं सतराचा पाढा सुरू केला.

आतून दिवाकर ओरडला, "अबे बबन्या, पाढा काहून म्हणून राहिला बे? भुतापेक्षा मले त्याचंच भेव वाटते! कविता म्हण!"

चौकीदारही हसला असेल.

पुढे गोदाम पाडलं. आता तिथे पार्किंग आहे.

दिवाकर हिंगण्याच्या कंपनीत लागला, बबन कुहीला धानाच्या शेतीत रमला. मग एका लग्नातल्या मानपानावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. मी दोघांशी बोलत राहिलो. एकाचं नाव दुसऱ्यासमोर काढायचं नाही, एवढं सांभाळून.

म्हणून आज बबनला कळवलं नाही.

दुपारी घाटावर मीही जाणार नव्हतो. त्याच्या मुलाला गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक आहे.

तो आत जाणार आणि बाहेर मी एकटा. हे काही जमेना. त्यापेक्षा घरी बसून चार ओळी लिहाव्यात, म्हटलं.

इथवर टाईप केलं आणि बेल वाजली.

दारात बबन. खांद्यावर दुपट्टा, पायाला बांधावरचा चिखल तसाच.

"तुले कोणी सांगितलं?"

"ते राहू दे. चप्पल घाल. तो आत जाऊन राहिला, अन् तू सोफ्यावर बसला गा?"

मी चप्पल शोधू लागलो. विचारलं, "कविता येते तुले अजून?"

"पहिलं कडवं येते. पुढचं तू सांभाळ. नाही तर मी पाढा म्हणीन."

निघतो.

दिवाकर, बिनघोर जा. दोघंही बाहेर आहोत.

पळालो नाही.