काकूंच्या खिडकीतली चोरी

आमच्या शेजारच्या काकूंइतकी सचोटीची बाई आमच्या अख्ख्या जवळा बाजार गावात सापडायची नाही, आणि काकूंइतकी अट्टल चोरही सापडायची नाही. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यानं चुकून एक वांगं जास्त टाकलं तर उन्हातान्हात परत जाऊन ते त्याच्या पाटीत ठेवून येणारी ही बाई. पण कुणाच्या अंगणात नवं क्रोटन दिसलं की तिच्या डोळ्यांत जी चमक येते, ती बघून मी माझ्या कुंड्या आत घेते. मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो असं आपल्याकडं सगळेच म्हणतात आणि म्हणून सोडून देतात. काकूंनी मात्र हा कायदा जास्वंदीपासून गवती चहापर्यंत सगळ्यांना लावला, वर त्याला पोटकलमंही जोडली. मागून घेतलेलं रोप लागत नाही. दिलेलं तर मुळीच लागत नाही. चोरताना कुणी दिसलं तर बघणाऱ्यानं तोंड फिरवायचं. आणि चोरीला गेलेल्या रोपाची मालकानं पुढं कधी विचारपूस करायची नाही, केली की रोप रुसतं. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा भाबडेपणानं त्यांच्याकडं कढीपत्त्याचं रोप मागितलं. काकूंनी कपाळाला हात लावला. "मागितलंस काहून गं माय? आता कसं देऊ? असं कर, चार दिस विसरून जाय, अन् मंग मी देवाला बसले की येऊन चोरून ने." मी तसंच केलं. रोप उपटत होते तेवढ्यात देवघरातून आवाज आला, "मुळाला माती राहू दे जरा!"

त्यांच्या घरात माणसानं बसायचं कुठं, हा मोठाच प्रश्न असतो. खिडक्यांत, कपाटावर, टीव्हीच्या डोक्यावर, जिथं बघावं तिथं करवंट्या, दुधाच्या कापलेल्या पिशव्या नाहीतर कान तुटलेले कप, आणि प्रत्येकात काहीतरी उगवत असतं. काकांची कापूस-सोयाबीनची चांगली जमीन आहे. ते म्हणतात, "रानात एवढं पिकून राहिलंय, अन् हिला कपातल्या मिरचीचं कौतुक!" पण काकूंना रानातलं पीक म्हणजे जत्रेतली गर्दी वाटते, कुणाला नावानं ओळखता येत नाही. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, ते जेवढं जाड तेवढंच खोल पेरायचं, "लई खाली पुरलं तर त्याला वर यायचा कंटाळा येतो." काकांनी एकदा घाईत दोडक्याच्या बिया भिजवलेला तांब्या तोंडाला लावला. काका ठसकायला लागले तशा काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, "गिळल्या का काय? चांगल्या वाणाच्या होत्या हो!" कोंब वर आला तरी लगेच उन्हात नाही. आधी खिडकीत, मग ओसरीत, मग सकाळचं कोवळं ऊन. "आपलं ऊन काय साधं हाय? मोठमोठी माणसं घेरी येऊन पडतेत, हे तर लेकरू."

चोरीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. डोंगरकडा गावी एका लग्नात पाठवणीच्या वेळी रडारड चालली होती आणि काकू भिंतीकडं तोंड करून, पदर छातीशी आवळून उभ्या होत्या. लांबच्या नात्यातली असून बाईनं किती जीव लावला, म्हणून नवरीच्या आईला भरून आलं आणि ती काकूंच्या गळ्यात पडली. पदराखाली ब्रह्मकमळाचं भलंमोठं पान होतं. ते चेंगरू नये म्हणून काकू अशा काही आक्रसून उभ्या राहिल्या, की एवढं दुःख नवरीच्या सख्ख्या मावशीलाही झालं नव्हतं असं तिकडच्या बायका अजून सांगतात.

काकूंचा मुलगा पुण्याला असतो. नोकरी झकास, उंच इमारतीत फ्लॅट. त्याच्या घरात आपल्या हातचं एक तरी झाड जगावं, एवढी एकच इच्छा काकूंनी धरली आहे. डाळी, लोणची, गोधड्या, सगळं जातं पुण्याला. "पण लोणचं संपतं, अन् गोधडी कपाटात जाते. झाडापुढं माणूस रोज उभं राहतं गं," असं त्या म्हणतात. आता झाड लागायचं तर ते चोरून जायला पाहिजे, आणि मुलगा काही केल्या चोरत नाही. चोरणार कसा? लहानपणी कुणाचं खोडरबर त्याच्या दप्तरात निघालं तर काकूंनीच कान धरून परत द्यायला पाठवलं होतं. घ्या आता! तो सुट्टीला आला की काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मनीप्लांटची एक फांदी बरोबर त्याच्या बॅगेवर लोंबती सोडतात आणि घर मोकळं ठेवून माझ्याकडं येऊन बसतात. "चोरून राहिला असंल का गं आता?" असं मला कुजबुजत विचारतात. तेवढ्यात तो दारात हजर, "आई, ती फांदी नेऊ का?" काकूंचं तोंड एवढंसं होतं. एकदा तो हसून म्हणाला, "आपल्याच घरातलं काय चोरायचं, आई?" हे वाक्य काकूंनी मला कितीदा ऐकवलंय. दर वेळी आधी हसतात, मग डोळे पुसतात. शेवटी एकदा न राहवून त्यांनी स्वतःच फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या बॅगेत धपाट्यांच्या डब्याखाली दडवली. दोन दिवसांनी फोन आला, "आई, बॅगेत कसला तरी पाला निघाला, टाकून दिला." काकू "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या दिवशी दुपारी काकू जेवल्या नाहीत.

मग सून आली, नाशिककडची. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा रोपांचे कप सरकवून लॅपटॉप ठेवायची आणि तासन् तास त्यातच. "पोरगी गुणाची हाय, पण झाडाकडं बघत सुदिक न्हाई," काकू मला म्हणाल्या, आणि आपल्या इच्छेवर त्यांनी मनातल्या मनात पाणी सोडलं हे मला दिसलं. निघायच्या दिवशी गाडीत सामान भरणं चाललं होतं. काका आणि मुलगा डिकीपाशी हुज्जत घालत होते, मी फाटकात उभी. पाण्याची बाटली राहिली म्हणून काकू आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. आतून भांडं पडल्याचा आवाज तेवढा आला. मग सून बाहेर आली, पाया पडली, गाडी गेली. धूळ खाली बसायच्या आत काकूंनी माझं मनगट धरलं. "चोरी झाली गं! घरात चोरी झाली!" सून खिडकीपाशी उभी राहून फांदी कापताना त्यांनी पाहिली होती. तीही अगदी गाठीच्या खाली, तिरपी, आणि ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये. काकू उंबऱ्यातूनच मागं फिरल्या होत्या आणि सासू मागच्या दारी कामात आहे असं वाटून पोरीला निवांत चोरता यावं म्हणून त्यांनी तिकडं मुद्दाम परात पाडली होती. सांगताना रडत होत्या आणि हसतही होत्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पण खरी तकलीफ पुढंच सुरू झाली. विचारायचं तर नाही! मग काकू फोनवर सुनेला म्हणायच्या, "तुमच्याकडं ऊन सकाळचं येतं का दुपारचं?" सून म्हणायची, "सकाळचं, आई." तेवढ्यावर काकू दिवसभर खूश. एकदा विचारलं, "पाणी बराबर येतं ना?" उत्तर आलं, "चोवीस तास असतं, आई." फोन ठेवून काकू मटकन खाली बसल्या. "चोवीस तास! अगं, बुडवून मारंल ती त्याला!" दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, आणि या वेळी त्यांनी माझं नाव पुढं केलं. "काय सांगू, आमची शेजारीण उठता बसता पाणी घालते, सडवलं बाई तिनं सगळं. मी तर मातीत बोट घालून बघते, कोरडं लागलं तरच पाणी." पुढच्या आठवड्यात मी पानांवरची धूळ पुसत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी कुंडीला खाली भोक न पाडता रोप लावलं. माझ्या अंगणात जाई अगदी वाडगे भरभरून फुलत होती आणि तिकडं पुण्यात माझ्या नावानं शिमगा. मी भांडले. काकू म्हणाल्या, "तुझं काय जाऊन राहिलं गं? तिचं झाड जगंल ना!"

माघ सरता सरता एका दुपारी सुनेचा व्हिडिओ कॉल आला. मी काकूंकडंच वाल सोलत बसले होते. सून म्हणाली, "आई, आत रेंज नाही, गॅलरीत बसते." ती बसली, आणि तिच्या खांद्यामागं टांगलेल्या कुंडीतून मनीप्लांट खाली उतरलेला, टोकाला पोपटी, अजून न उलगडलेलं पान. काकूंनी फोन दोन्ही हातांनी धरला. सुनेनं फोन हळूच इतका तिरपा केला की तिचा अर्धा चेहरा गेला आणि वेल सगळा दिसायला लागला. मग काकूंनी विचारलं, "जेवलीस का गं?" "जेवले, आई. तुम्ही?" "जेवले." दोघी तशाच बसून राहिल्या. मी वाल घेऊन ओसरीत आले.

थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या. "पानं बारकी हायत," म्हणाल्या. मग ओसरीतल्या एका करवंटीत बोट घालून बघत, "एकदा जाऊन बघावं वाटतं." रोपांना सोडून ही बाई सख्ख्या पुतण्याच्या बारशालाही मुक्कामाला गेली नव्हती. "चारच दिस. तू घालशील ना पाणी?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मी? अहो, झाडं सडवणारी बाई मी!" काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "ते सांगावं लागतं माय. तुझ्यापरीस कुणाच्या हाती देऊ मी हे?"

चार दिवसांसाठी गेलेल्या काकूंची तिकडंच होळी झाली, पाडवा झाला. काका मधूनमधून जाऊन येतात आणि सांगतात, गॅलरीत आता पाय ठेवायला जागा नाही, काकूंनी जिन्यात ठेवलेल्या कुंड्या इमारतीतल्या बायका चोरून नेतात. ऐकून हसू येतं, बरंही वाटतं. फोनवर काकू "येते गं, येते" म्हणतात, आणि आवाजावरून कळतं की एवढ्यात काही येत नाहीत. सकाळी काका रानात गेले की मी त्यांचं कुलूप उघडते, एकेका करवंटीत बोट घालून बघते, लागेल तेवढंच पाणी घालते. काम अर्ध्या तासात उरकतं. तरी मी तिथंच बसून राहते, करवंट्या तेवढ्याच आहेत, पण काकू नाहीत तर त्या घरात आता बसायला भरपूर जागा वाटते. काकू, तुमची एकही मिरची मरू दिलेली नाही. पण मला करमत नाही. या आता.