सुटलेल्या सात ओळी

"एक तारखेपासून सगळी प्रुफं तुमीच बघा. काकांना सांगितलंय मी, आता घरी आराम करा," शेठ म्हणाले.

रबाळ्याला शेठची प्रेस होती. मी मुद्रितशोधक, म्हणजे ऑपरेटरने कॉम्प्युटरवर टाइप केलेलं पुस्तक छापण्याआधी वाचून चुका काढणारी. जोशीकाका हेच काम सोळा वर्षं करत होते, मी तीन महिने. काका दिवसाला तीस पानं वाचत, मी ऐंशी. शेठना माझा स्पीड आवडायचा आणि मलाही फार आवडायचा. काकांचं वाईट वाटलं, पण मी हो म्हणाले.

पहिलं प्रूफ लेखकाच्या हस्तलिखिताशी ओळीनओळ ताडून बघायचं असतं. त्याच आठवड्यात एक कादंबरी आली. इतकी सुरेख, की हस्तलिखिताकडे मान वळवायला जीव होईना. मी नुसतं प्रूफ वाचत सुटले. दोन दिवसांत संपवलं, शेवटी चक्क रडले आणि 'ओके' लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका आले. सवयीने त्यांनी तो गठ्ठा ताडून बघितला होता.

"पोरी, शेवटी मायलेकी भांडतात ते वाचलंस?"

"हो काका! काय लिहिलंय!"

"आणि एकमेकींच्या गळ्यात पडतात ते?"

"गळ्यात? कुठे पडतात?"

काकांनी हस्तलिखितावर पट्टी ठेवली. लागोपाठचे दोन परिच्छेद सारख्याच शब्दांनी सुरू होत होते. ऑपरेटरची नजर एकावरून थेट दुसऱ्यावर गेली होती. मधल्या सात ओळी गायब, तरी मजकूर सलग लागत होता. म्हणजे लेखकाने न लिहिलेल्या ताटातुटीवर मी रडले होते.

"दुरुस्त करून घे. शेठला मी बोलणार नाही," काका म्हणाले. ज्याची नोकरी माझ्यामुळे जाणार होती, तो माणूस हे म्हणत होता. मला स्वतःची लाज वाटली.

मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"छापून गेलं असतं तर?" शेठ ओरडले.

"लेखक इथे येऊन बसले असते. पहिली प्रुफं काकांकडेच राहू द्या. दुरुस्त्या नीट झाल्यात का, ते मी बघते."

शेठ कुरकुरले, पण काका राहिले. पुढे पाच वर्षं.

"काका, तुम्हाला वाचताना मजा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"इथे मी अक्षरं बघतो गं. छापून आलं की एक कॉपी घरी नेतो, मग पुस्तक वाचतो."

तेव्हापासून रटाळ पुस्तक आलं की मी निर्धास्त असते. चांगलं आलं की खणातून पट्टी काढून ओळीखाली धरते.