नाव लिहून घेताना

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला, तेव्हा शाळेत न येणाऱ्या मुलांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. नंदुरबारला मिरच्या वाळत घालायच्या पथारीवर एक बाई देठ खुडत बसलेली असे. मी दिसलो की ती मुलाला पाठीमागे ओढी. एकदा मी वही उघडली, तर तिनं माझं मनगटच धरलं.

“नाव लिखू नका, दादा. लढाईना येळे मन्हा भाऊनं नाव असंच लिखं व्हतं. तो काई परत वना नही.”

“बाई, ही शाळा आहे.”

“त्या नाव लिखनारा बी सरकारनाच माणसे व्हतात.”

मी नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन आली आणि तो वर्गात बसला. मास्तर दार लोटू लागले, तेव्हा तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला आणि शाळा सुटेपर्यंत काढला नाही.