कौसामावशीचं नाव सांगायचं राहिलं

आधी कौसामावशीचं नाव लिहितो. मी बी.ए. झालो, बीडला ऑफिसात क्लार्क आहे, चार ओळी नीट लिहू शकतो... ते सगळं तिच्यामुळं. ती नात्यातली नव्हती. माझे आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे आणि माझी शाळा बुडायची. कडा गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी ही एकटी बाई वडिलांना म्हणाली, "दादा, मेंढरं न्या. पोरगं ठिवा माझ्याकडं." तिसरी ते दहावी मी तिच्या घरी राहिलो.

आणि हेही सांगतो — अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. ऑफिसात कुणी तसलं बोलायला लागलं की मी फाईल उघडून बसायचो.

आमच्या घरात एक पद्धत आहे. नवं जनावर आणलं की त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि घरातल्या माणसांची नावं त्याच्या कानात सांगायची. एकही सोडायचं नाही. मला सोडायला आले तेव्हा वडिलांनी हे मावशीला सांगितलं, "ज्याचं नाव राह्यलं, त्याला ते हुडकीत जातं." मावशी लई हसली. पण वडील गेले आणि मी दारातच रडत उभा राहिलो, तेव्हा तिनं माझ्याच पायावर तांब्याभर पाणी घातलं, तुकडा ओवाळला आणि कानाशी येऊन म्हणाली, "कौसा. झालं. येवढंच माणूस हाय बाबा या घरात."

अलीकडं तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळं फोनचा उपयोग नव्हता. मी पत्र टाकायचो आणि शेजारच्या हमीदाभाभी ते तिच्या कानाशी मोठ्यानं वाचायच्या. प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं — पुढच्या महिन्यात तुला बीडला न्यायला येतो. पुढचा महिना आला की काहीतरी निघायचं.

पावसाळा संपताना एका रविवारी मांजरसुंब्याला चहा प्यायला उतरलो. धाब्यामागं एक मांजर पडलेलं होतं. ट्रकच्या चाकाखाली अर्धी शेपटी गेलेली. धाबेवाला म्हणाला, "न्या की सायेब, सकाळधरनं वरडतंय."

"राहील का पण माझ्याकडं?"

"मांजरसुंब्याचं मांजर हाय. घर इसरायचं न्हाई!"

सोमवारी जनावरांच्या दवाखान्यात पट्टी करून आणली. गळ्यात फायलीची लाल नाडी बांधली. गाठ वडिलांनी शिकवलेली, कोकराच्या गळ्यात मारतात ती. कितीही ओढली तरी आवळत नाही. मग पद्धत आठवली. पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळला, कानात म्हणालो, "सोपान. झालं." आणि स्वतःशीच हसलो. खोलीत एवढंच माणूस होतं...

मंगळवारी पावणेदहाला ऑफिसला निघालो. मांजर माझ्या उशीवर होतं. खिडकी बंद, दाराला कुलूप. संध्याकाळी आलो तर दूध तसंच, मांजर नाही. पलंगाखाली, मोरीत, माळ्यावर — कुठंच नाही. बसून मावशीला पत्र लिहिलं आणि बुधवारी सकाळी पेटीत टाकलं. पेटीपासून दहा पावलं गेलो असेन, फोन वाजला. हमीदाभाभी.

"सोपान... मौसी गेली रे. पहाटं गेली."

एसटीचे ते तीन तास मला आठवत नाहीत. पोचलो तर भाभी रडायच्या आधी माझ्यावर चिडल्या.

"काल आलतास तर मला तोंड दाखवायला काय झालतं?"

"मी? मी कुठं आलतो भाभी?"

त्या सांगू लागल्या, "परवापासनं ताप होता तिला. डॉक्टर गोळ्या देऊन गेला. मी म्हणलं, सोपानला फोन लावते. तर म्हणली, कशाला? आलाय की तो. तवा दुपारची अजान नुकती झालती."

"मग?"

"आत बघितलं तर उशाशी मांजर. अर्ध्या शेपटीचं, गळ्यात लाल नाडी. मला वाटलं तूच आणलं नि गावात गेलास. रात्रभर हात फिरवीत होती त्याच्यावर. सोपाना, जेवलास का... सोपाना, जेवलास का..."

मांजर तिथं नव्हतं. जाताना कुणी पाहिलं नाही. मावशीची उजवी मूठ मिटलेली होती, ती मीच उघडली. आत लाल नाडी. गाठ न सुटलेली. माझीच गाठ.

कुलपातून मांजर कसं गेलं, दुपारच्या अजानपर्यंत कड्याला कसं पोचलं, घर कसं सापडलं... मी पुष्कळ डोकं चालवलं. मित्र म्हणतात दुसरं मांजर असेल. असेल. पण नाडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एवढंच कळतं की त्याला रस्ता माहीत नव्हता आणि मला होता.

शनिवारी माझं पत्र कड्याला पोचलं. भाभींनी ते न फोडता माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं —

"ती. कौसामावशीस,
सोपानाचा साष्टांग नमस्कार. भाभी, जरा मोठ्यानं वाचा.
मावशी, मी एक मांजर आणलं होतं. शेपटी तुटलेलं, पण गुणी. तू माझं केलं होतंस तसं सगळं त्याचं केलं. आज ते कुठं गेलं कळत नाही. कानात मी फक्त माझंच नाव सांगितलं होतं, तुझं राहिलं. घरात दोन माणसं आहेत, एक अजून यायचं आहे, असं सांगायला पाहिजे होतं.
या खेपेला नक्की येतो. ट्रंक भरून ठेव. तुझा तवा कसा आणायचा याची काळजी करू नको, इथं नवा घेतलाय.
मांजर परत आलं तर आधी तुझं नाव सांगतो.
तुझा,
सोपान"