सिमचं कुलूप उघडून मिळेल

पवनीच्या बाजारात माझं मोबाईलचं दुकान आहे. काउंटरखालच्या खणात सिम काढून घेतलेली रिकामी प्लास्टिकची कार्डं पडलेली असतात. लोक सिम घेतात अन् कार्ड तिथंच टाकून जातात. मी ओरडतो, "अहो, न्या ना ते, त्याच्यावर कोड लिहिला आहे!" कोणी नेत नाही. एवढ्या वर्षांत खण गच्च भरला. किश्श्यांचंही तसंच झालं आहे, एक काढायला जावं तर चार बाहेर येतात.

गोष्ट साधी आहे. सिमला चार आकड्यांचा पिन लावता येतो. मग फोन बंद करून चालू केला का तो पिन मागतो. तीनदा चुकला का सिम लॉक. मग त्या कार्डावरचा आठ आकड्यांचा पीयूके कोड टाकावा लागतो. तोही दहादा चुकला का सिम कायमचं मेलं. एवढं मी रोज सांगतो. सांगून सांगून घसा कोरडा पडतो, डोक्यात कोणाच्याच जात नाही.

*

एक म्हातारी फोन घेऊन आली. लेक दिली होती तिकडे नाकाडोंगरीला, दोन दिवसांपासून तिच्याशी बोलणं नव्हतं. मी फोन पाहिला अन् म्हटलं, "माय, हा पिन मागून राहिला."

म्हातारीनं बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढली अन् माझ्यापुढे ठेवली. "नातू बी गावाले जाताना हेच म्हणे. मी म्हटलं, फोनले कायले पाहिजे पिन? घे बापा, होऊन जाऊ दे एकदाचं."

नातवाला फोन लावून मी पिन विचारला. पठ्ठ्यानं १२३४ ठेवला होता. फोन उघडल्यावर म्हातारी काउंटरलाच टेकून लेकीशी बोलत बसली. "जेवली का" हे निदान दहा वेळा विचारलं असेल. गिऱ्हाईक ताटकळलं, पण मला तिला उठवावंसं वाटलं नाही. माझी आई असती तर तिनंही हेच विचारलं असतं.

जाताना म्हातारी सेफ्टीपिन विसरली. सिमचा ट्रे काढायला मी अजून तीच वापरतो.

*

आमचे शाळेतले गुरुजी आता रिटायर झाले. फोन त्यांचा साधा बटणांचा, अन् अशा फोनात सगळी नावं सिममध्येच राहतात. गुरुजींनी स्वतःच पिन लावला अन् स्वतःच तीनदा चुकवला.

मी विचारलं, "सर, पीयूके कोड लिहून ठेवला का?"

"अर्थात. सुरक्षित ठिकाणी ठेवला आहे."

"कुठं?"

"मोबाईलमध्ये."

"कोणत्या मोबाईलमध्ये, सर?"

गुरुजींनी हातातल्या फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "शाळेत असताना एवढे प्रश्न विचारले असते तर हे दुकान टाकायची पाळी आली नसती तुझ्यावर."

*

डोमाजी तलावात मासे धरतो. तो बायकोसोबत आला. सिम लॉक झालं होतं अन् दुकानात गर्दी होती. मी मान वर न करता विचारलं, "पीयूके आहे का?"

डोमाजी एकदम गरम झाला. "नाही ना भाऊ, आज थेंबभर घेतली नाही."

बायको म्हणाली, "भाऊ, खरं सांगून राहिले ते. काल होते पिऊके."

*

वरठीच्या कारखान्यात कामाला असलेला एक तरुण सुट्टीत गावी आला की माझ्याकडे चक्कर मारतो. एकदा म्हणाला, "भाऊ, सिमचा पिन बदलवून दे. जुना नाही पाहिजे आता."

"जुना सांग."

त्यानं हळूच चार आकडे सांगितले. एका पोरीच्या नंबरचे शेवटचे चार. तिच्या वडिलांचा रिचार्ज मीच करतो, म्हणून मला ओळखू आले. मागच्याच महिन्यात तिचं लग्न झालं होतं. नवा पिन टाकायला फोन त्याच्या हातात दिला अन् म्हटलं, "जो लक्षात राहील तोच टाक."

त्यानं बराच वेळ विचार केला. मग परत तेच चार आकडे टाकले.

*

अन् हा यंदाचा, धानाच्या रोवणीच्या दिवसांतला.

अनुसयाबाई जवळच्याच खेड्यातल्या. महिनाभरापूर्वी त्यांचे मालक वारले. बाईंनी मालकांचा बटणांचा फोन पदराखालून काढून माझ्यापुढे ठेवला. बॅटरी उतरली होती, चार्ज केला तेव्हापासून पिन मागत होता. पुतण्यानं दोनदा अंदाजानं टाकला, दोन्ही चुकले. एकच चान्स बाकी होता.

"कार्ड कुठं आहे, काकू? ज्याच्यातून सिम काढलं ते?"

"चुलीत गेलं असन."

"मग कंपनीकडून कोड घ्यावा लागेल. त्याला ज्याच्या नावानं सिम आहे तो माणूस लागतो."

"त्यायले कुठून आणू भाऊ?"

मी म्हटलं, "नंबर चालू ठेवायचा असेल तर कागदपत्रं देऊन नवीन सिम काढू. पण आतले नंबर जातील."

"मले आतलाच पाहिजे एक," बाई म्हणाल्या. "पोराचा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या भावाची पोरगी पोरासाठी ठरवली होती. ऐन वेळेवर पोरानं नाही म्हटलं अन् हैदराबादला निघून गेला. माहेरात बाईंची मान खाली गेली. त्यांनी घरात सांगून टाकलं, याच्यापुढे या घरात त्याचं नाव काढायचं नाही. चार वर्षं कोणी काढलं नाही. पोराचा नवा नंबर गावात कोणाजवळ नव्हता, बाप गेल्याचंही त्याला माहीत नव्हतं.

"मग काकांजवळ नंबर असेल असं कशावरून?"

"रोज संध्याकाळी शेतात, बांधीकडे जात. आले की फोन बंद करून ठेवत. मी म्हणो, बंद काहून करता? तर म्हणे, बॅटरी वाचवून राहिलो." बाईंनी पदरानं फोन पुसला. "मले आता समजून राहिलं भाऊ, काय वाचवत होते ते."

"पोराचं नाव काय?"

"मी नाही घेत," त्या म्हणाल्या, पण रागानं नाही. सवय मोडली होती बिचारीची.

पिन तोच असेल म्हणून मी पोराचं जन्मसाल विचारलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. काकांना लिहिता-वाचता येत होतं का, विचारलं.

"कुठलं येते! अक्षर एक येत नव्हतं. धानाचा नंबर तेवढा काढता ये, पोत्यावर खुणेले."

आमच्याकडे धानाच्या जाती नंबरानंच ओळखतात. मी विचारलं, "कोणतं धान लावत होते?"

"दहा-दहा. दरसाल तेच."

मी १०१० दाबलं. बाईंना विचारलं, "ओके करू का?" त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

फोन उघडला.

आत आठ नंबर होते, नावं कोणीतरी इंग्रजीत टाकून दिलेली. मी वाचत गेलो. पंप. ट्रॅक्टर. मास्तर. घर. शेवटच्या नंबराला नावच नव्हतं. नावाच्या जागी परत तेच, १०१०.

मी तो नंबर लावला, स्पीकर चालू केला अन् फोन बाईंच्या हातात दिला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बाबा! कुठं होते इतके दिवस? लावून लावून थकलो मी."

मग रोजच विचारत असल्यासारखं पोरानं विचारलं, "बाबा, आज तरी मायनं माह्यं नाव काढलं का?"

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"दिलीप," त्या म्हणाल्या.