ज्याचा हात धरला, त्याचा नंबर

हरकत सरांचा उजवा हात सदैव अर्धा वर असायचा. शाळेच्या सभेत, एसटीच्या रांगेत, तेरवीच्या पंगतीतसुद्धा. एका सहकाऱ्याच्या लग्नात अंतरपाट पुरता खाली यायच्या आतच नवरदेवानं हार घातला, तेव्हा मांडवातून सरांचा आवाज आला, "फाऊल! मांगं घ्या, परत सुरू करा." भटजी क्षणभर थबकले. नवरीकडची माणसं हसली, नवरदेवाकडची काही हसली नाहीत. उमरखेड तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते क्रीडाशिक्षक होते आणि मी मराठी शिकवत असे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे तहसील कचेरीत. कचेरीतली माणसं नियम दाखवून माणसाला परत पाठवतात. आमचे सर उलटे, ते नियमालाच परत पाठवायला निघालेले. तालुक्याच्या स्पर्धांत ते पंचांच्या टेबलाकडे निघाले की पंच आधीच म्हणत, "आले हरकत सर. आता जेवण लांबलं." मी त्यांना ओळखत होते तेवढ्या वर्षांत त्यांची एकही हरकत मान्य झाली नाही. पण हात काही खाली आला नाही. आम्ही चिडवायचो, "सर, कशाला डोकं फोडून घेता?" तर म्हणायचे, "भिंत त्यायची हाय, डोकं माह्यं हाय. तुमाले काय त्रास?"

त्यांचा सगळ्यात जुना राग शंभर मीटरवर. "लांबच्या शर्यतीत माणूस चुकला त भरून काढते. शंभरमध्ये सुरुवातीले चुकला का संपला." आमच्याकडे बंदूक नसते, पंच दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटतो आणि पोरं सुटतात. हा पंच नेहमी मैदानाच्या आतल्या अंगाला, म्हणजे पळणाऱ्यांच्या डाव्या हाताला उभा राहतो. पहिल्या पट्टीतल्या पोराच्या कानाशी फळी वाजते आणि शेवटच्या पट्टीतल्याला वाऱ्यावर जे येईल ते. "शर्यत पायाची हाय का कानाची, तेवढं सांगून द्या," असं सर दरवर्षी विचारत. आम्ही हसत असू. एवढ्याशा फरकानं काय आभाळ कोसळतं, असं मलाही वाटायचं.

मग बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सविता आमच्या शाळेत आली. लहानपणी डावा कान वाहून वाहून पार गेलेला. वर्गात ती नेहमी डाव्या भिंतीला चिकटून बसे, म्हणजे सगळं जग उजव्या कानाकडे राही. पळायला लागली की बघत राहावं अशी. पण ओळीत वाकून बसली की डावीकडच्या फळ्या तिला धड ऐकू येत नसत, म्हणून ती शेजारणीच्या पायाकडे बघायची. शेजारीण सुटली की ही सुटायची. सगळ्यांच्या मागून निघून सगळ्यांच्या पुढे जायचं, अशी तिची शर्यत.

एका वर्षी शेजारची मुलगी नुसती हलली आणि जागेवर थांबली. सविता तिच्या पायाला भुलून चार पावलं पुढे गेली. फाऊल, बाद. सर पंचांच्या टेबलाकडे गेले. "उजव्या बाजूनं उभे राहा, नाई त फळीसंग रुमाल खाली करा. डोये त चांगले हायेत पोरीचे." पंच म्हणाले, "सर, नियमात रुमाल नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे." सर म्हणाले, "सारखा हाय, म्हणूनच त बोलून राह्यलो." झालं. जेवणं लांबली तेवढी.

पुढच्या वर्षी ती तालुक्यात पहिली आली आणि जिल्ह्यासाठी यवतमाळला जायचं ठरलं. जिल्ह्यात पहिल्या दोघी पुढे विभागाला जाणार होत्या, आणि विभागाला गेलेल्या मुलींना खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळण्याची आशा होती. सवितासाठी तेवढी एकच वाट उघडी होती. तिची आई, तिला ती याडी म्हणे, सरांना शाळेच्या फाटकाशी येऊन स्पष्ट सांगून गेली, "नंबर आला त पोरगी तुमची. नाई आला त दिवाळीनंतर उसावर नेतो. मोळ्या बांधायले हात पाहिजे, सर." सरांनी या गोष्टीला हरकत घेतली नाही. याडीपुढे त्यांचा हात वर झाला नाही, एवढं मी पाहिलं.

सरांचं एक वाक्य शाळेतल्या सगळ्या मुलींना पाठ होतं: "दोऱ्याशी थांबाचं नाई. दोऱ्याच्या पुढं झाड हाय, त्या झाडाले हात लावाचा." शर्यत संपते तिथे आडवा दोरा धरतात, आणि आमच्या मैदानात खरोखरच त्या रेषेपलीकडे कडुनिंब होता. दोरा दिसला की पोरं पाय आवरतात, ही सरांची तक्रार, आणि ती खरी होती. सविता रोज त्या कडुनिंबाला हात लावून यायची.

यवतमाळला मुलींसोबत बाई हवी म्हणून मीही गेले. ज्यांनी शाळेच्या स्पर्धा पाहिल्यात त्यांना 'नंबर पकडणं' सांगायला नको. दोऱ्यापाशी तीन शिक्षक उभे असतात. एकानं पहिल्याला धरायचं, दुसऱ्यानं दुसऱ्याला, तिसऱ्यानं तिसऱ्याला. ज्याचा हात धरला, त्याचा नंबर. फळ्या वाजल्या आणि सविता नेहमीसारखी उशिरा निघाली. अर्ध्यावर येईतो तिनं चौघींना मागे टाकलं. शेवटी पुढे एकच मुलगी होती. दोरा तुटला, पहिलीला धरलं गेलं, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. आणि सविता न थांबता तशीच पुढे गेली. दुसरा नंबर पकडणाऱ्या गुरुजींनी वळून हात घातला तो मागून येऊन दोऱ्याशी थबकलेल्या मुलीवर. तिच्यामागची तिसरी झाली. सविता पार पलीकडे, कुंपणाच्या एका बाभळीला हात टेकवून उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

सर टेबलाकडे गेले ते पळतच. "पोरी पळवायले आणल्या का धरायले?" असं ओरडले. टेबलावरचे गृहस्थ शांत होते. "सर, ज्याला धरलं त्याचा नंबर. नाही तर जो तो म्हणेल मी आलो." यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला त्या माणसाचा फार राग आला. परतीच्या एसटीत सवितानं मला विचारलं, "मॅडम, मी कितवी आली?" मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. आम्हीही डोळ्यांनी पक्कं सांगू शकत नव्हतो, इतकं ते झटक्यात झालं होतं. सविता समजायचं ते समजली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही.

दिवाळीच्या सुटीत कुणा पालकानं मोबाईलवर घेतलेली ती शर्यत शिक्षकांच्या ग्रुपवर आली. सविता दुसरी होती. स्वच्छ, हातभर पुढे. सरांनी यवतमाळला फोन केला. उत्तर आलं की यादी पुढे गेली आणि मोबाईलवरचा निकाल नियमात नाही. "निदान पोरीले त सांगू," म्हणत सर मला स्कूटरवर घेऊन तांड्यावर गेले. उसाचा ट्रक भरून सुरूच झाला होता. भांडी, गाठोडी, शेळ्या आणि वर फळीला धरून बसलेली सविता. सर ट्रकच्या कडेनं धावत ओरडले, "सविता, दुसरी होती तू! दुसरी!" तिनं मान वळवली नाही. ट्रक रस्त्याला लागल्यावर सर मटकन बांधावर बसले. "मॅडम," ते म्हणाले, "मीबी डावीकडूनच आवाज देल्ला."

पुढे आठवडाभर याडीचा फोन लागत नव्हता. एका दुपारी लागला. शिक्षकांच्या खोलीत सरांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, कारण त्यांना वाटलं ही आनंदाची गोष्ट आहे, आम्हीही ऐकावी. याडीनं फोन सविताकडे दिला आणि सरांनी तिला सगळं सांगितलं. पलीकडे उसाची सळसळ आणि कुणाची तरी हाक. मग सविता म्हणाली, "दुसरी होती, त मले धरलं काहून नाई, सर?"

दोऱ्याशी थांबली असती तर धरली गेली असती, हे सरांनाही कळलं होतं आणि आम्हालाही. ते "बाळा" एवढंच म्हणाले. मग तिकडून फोन ठेवला गेला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी सरांच्या निवृत्तीआधीची शेवटची तालुका स्पर्धा होती. सविता परत आली होती, पण शाळेत नाही. घरात लहान भावंडं होती आणि पुढचा हंगाम होता. मुलांच्या शंभर मीटरला दोऱ्याशी घोटाळा झाला. एका गुरुजींच्या हाताला दोन पोरं, दुसऱ्याचा हात रिकामा. सगळ्यांच्या माना सवयीनं सरांकडे वळल्या. पंचांनीच हसून विचारलं, "काय सर, हरकत?"

सर मंडपाच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते.

"चालू द्या," ते म्हणाले.

त्या दिवशी आमच्या तालुक्याच्या स्पर्धा पहिल्यांदाच वेळेत संपल्या आणि सगळे वेळेवर जेवले.